पाण्यावरची हिरवी साय

श्रावण सरत आला की वसईच्या पश्चिम पट्ट्यातली बावखले काठोकाठ भरतात आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यावर हिरवी साय धरू लागते. आधी ती काठच्या अळवाच्या बुडख्यापाशी दिसते, मग वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होते, आणि भाद्रपदात पाहावे तर पाणी दिसेनासे झालेले असते. ओंजळ घातली की हाताला शेकडो हिरव्या टिकल्या चिकटून येतात. गावात सगळे तिला शेवाळ म्हणतात. पण ही टिकली शेवाळ नाही. ती फुलणारी, बी धरणारी वनस्पती आहे आणि जगातली सर्वांत लहान फुलझाडे तिच्याच कुळातली आहेत. शास्त्राच्या पुस्तकांत या कुळाला डकवीड म्हणतात. बदके ते आवडीने खातात, त्यावरून हे नाव पडले.

या सायीचे करायचे काय, यावर तळ्याच्या काठी तीन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. कुणी म्हणतो, ही घाण आहे, उपसून टाका. कुणी म्हणतो, असू द्या, ती पाणी थंड ठेवते. आणि अलीकडे वाचून आलेला एखादा तरुण सांगतो की हीच टिकली सांडपाणी स्वच्छ करते आणि कोंबड्यांचे खाद्यही होते, तेव्हा तिला कामाला लावा. तिन्ही मतांमागे अभ्यास आहे आणि तिन्हींना मर्यादा आहेत. त्या कुठवर पोचतात हे एकदा नीट मांडावे, एवढ्यासाठी हा आढावा.

आधी ओळख

पाण्यावर तरंगणारे सगळे हिरवे एक समजले की उपाय चुकतो. जांभळ्या तुऱ्यांची, फुगीर देठांची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली. कोबीच्या कोवळ्या गड्ड्यासारखी दिसते ती गोंडाळ. अझोला हा पाण्यावरचा नेचा आहे. त्याच्या पानांत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून भातशेतीत आणि गुरांच्या खाद्यात त्याचा वापर होतो. त्याचे ठिपके खडबडीत असतात आणि उन्हात तांबूस होतात. खरे शेवाळ म्हणजे पाण्यातले तंतू किंवा पाण्यालाच आलेला हिरवा रंग. डकवीड या सगळ्यांहून वेगळे, आणि जलपर्णीसारखे परकेही नाही. आपल्याकडच्या साचलेल्या पाण्यात ते पूर्वापार आहे.

या कुळात पाच प्रजाती आणि छत्तीसच्या आसपास जाती आहेत. तळहातावर घेऊन मुळे मोजली तरी बरीचशी ओळख पटते. स्पायरोडेलाची टिकली सर्वांत मोठी, खालून जांभळट, आणि तिला मुळांचा झुपकाच असतो. लँडोल्टियाला दोन-चार मुळे, लेम्नाला एकच. वुल्फियाला मूळच नाही. एक मिलिमीटरहून लहान हिरवा रवा, बोटांत चोळला तर खरखरतो. खोड आणि पान असा भेद या वनस्पतींनी सोडून दिला आहे. जे आहे ते एक चपटे हिरवे अंग, आणि त्याच्याच खाचेतून कळीसारखे दुसरे अंग फुटते. फुले क्वचितच येतात. पसारा सगळा या फुटव्यांवर चालतो.

हे कूळ स्वतंत्र मानायचे की अळू-सुरणाच्या कुळाची शाखा म्हणायची, हा वनस्पतिशास्त्रातला जुना वाद. जनुकांच्या तुलनेनंतर ते अळूचे नातलग आहेत हे बहुतेकांनी मान्य केले. डकवीडवर काम करणारे बरेच जण मात्र सोयीसाठी जुने स्वतंत्र नावच वापरतात. बावखलाच्या काठी अळू आणि ही साय शेजारी वाढतात, आणि नात्यानेही ती जवळची निघावीत याचे मला फार अप्रूप वाटते.

अभ्यासाचा माग

या टिकलीच्या अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम ग्रिफिथ यांनी इथल्याच पाण्यातून वुल्फियाची एक अतिसूक्ष्म जात नोंदवली. तिला आज वुल्फिया मायक्रोस्कोपिका म्हणतात. पुढे दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र माहेश्वरी यांनी तिला प्रयोगशाळेत वाढवले, आणि फूल केव्हा आणि का येते याचा शोध घेणारा त्यांचा व ओ. एस. चौहान यांचा निबंध १९६३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. शिप्रा गुहा यांच्यासह परागकणांपासून रोप वाढवण्याचा शोध ज्यांच्या नावावर आहे, तेच हे माहेश्वरी. झुरिकचे एलियास लँडोल्ट यांनी आयुष्यभर जगभरची डकवीड गोळा केली. लँडोल्टिया हे नाव त्यांचेच.

२०१४ मध्ये स्पायरोडेलाचा जनुकसंच उलगडला. त्यात सुमारे १९,६०० जनुके निघाली, भाताच्या निम्म्याच्या आसपास. दुसऱ्याच वर्षी केरळच्या केंद्रीय विद्यापीठातील के. सौजन्या श्री आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी वाढीचा वेग मोजला. वुल्फिया मायक्रोस्कोपिका अनुकूल स्थितीत सुमारे ३० तासांत दुप्पट होते. फुलझाडांत याहून जलद वाढ नोंदलेली नाही.

तळ्यातली लेम्ना इतकी घाई करत नाही. तिला दुप्पट व्हायला दोन-तीन दिवस लागतात. तरीही हिशेब करून पाहावा. तळे उपसले आणि शंभरातला एक भाग काठाच्या गवतात राहिला. दोन दिवसांत दोन, चार दिवसांत चार, आठवड्यात अकरा-बारा, आणि दोन आठवडे पुरे व्हायच्या आत तळे पुन्हा भरलेले. निम्मे तळे मोकळे दिसते तेव्हा पूर्ण झाकायला दोनच दिवस उरलेले असतात. एकदाच सफाईचे काम देऊन महिनाभराने लोक ‘काम नीट झाले नाही’ म्हणतात, त्यात काम करणाऱ्यांचा दोष असेलच असे नाही.

वसईचे पाणी

बावखल म्हणजे काय हे वसईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. समुद्राला लागून असलेल्या या रेताड पट्ट्यात, म्हणजे गिरीज, नंदाखाल, निर्मळ, वाघोली, भुईगाव या बाजूला, वाडीच्या कडेला खणलेले हे लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि खालचे खारे पाणी वर येऊ देत नाही. विहिरी गोड राहतात त्या याच मुरण्यावर. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, फुले, भाजी हे सारे त्या गोड पाण्यावर उभे राहिले. पूर्वी रहाटाने पाणी वाडीत जाई, आणि उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून झाडांच्या आळ्यांत घालत. हे शेवटचे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शहरीकरणाचा रेटा आला. गावांतून टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि हिरव्या पट्ट्यावरची बांधकामे यांच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व आसपासची गावे मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती आणि ती पुढे वाढतच राहिली. सांडपाणी शुद्धीकरणाचे बोळींज येथील केंद्र मात्र दिवसाला ३० दशलक्ष लिटर क्षमतेचे. शहराचे सांडपाणी याच्या कितीतरी पट, आणि राष्ट्रीय हरित लवादापुढे हा विषय गेला तो त्यामुळेच.

तेव्हा वसईत साचलेले पाणी एका जातीचे नाही. वाडीतल्या बावखलात झाडांचा पाला, शेण आणि थोडे खत उतरते. पापडी, आचोळे, दिवाणमान, विरारचा टोटाळे किंवा सोपाऱ्याचा चक्रेश्वर अशा वस्तीने वेढलेल्या तलावांना सभोवारची घरे, निर्माल्य, माशांसाठी टाकलेले पाव आणि कणकेचे गोळे यांचा भार सोसावा लागतो. आणि पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या कारखान्यांच्या भागातून वाहणाऱ्या नाल्यांत काय काय असू शकते, त्याचा अंदाज वाचकाने करावा. साय तिन्हींवर सारखीच हिरवी दिसते. पुढची सगळी मते तपासताना हा फरक सोडायचा नाही, हे माझे ठाम मत आहे. बरेच वाद केवळ एवढ्यासाठी चालू राहिलेत की बोलणाऱ्या दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी तळी असतात.

‘उपसून टाका’

या बाजूचे म्हणणे पाण्याखाली काय होते यावर उभे आहे. जाड थर बसला की ऊन आत शिरत नाही, बुडालेल्या पाणवनस्पती मरतात, हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळणे मंदावते. डकवीड आपला प्राणवायू वर हवेत सोडते, पाण्याला त्याचा उपयोग नाही. मेलेल्या टिकल्या तळाला कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही खातात. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून येतात ते यामुळे. दुसरे कारण साधे पण गंभीर: पूर्ण झाकलेले तळे लहान मुलाला हिरवळीसारखे दिसते. कुंपण नसलेल्या बावखलाच्या काठी हा धोका खरा आहे.

या मताला शास्त्राचा एक महत्त्वाचा आधार २००३ मध्ये मिळाला. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तरंगत्या वनस्पतींचे राज्य ही तळ्याची एक स्थिर अवस्था असते. साय एकदा बसली की ती अंधार करून आपल्या स्पर्धकांना उगवू देत नाही, आणि पोषक द्रव्ये थोडी घटली तरी हटत नाही. पण द्रव्ये बरीच घटली असतील आणि तेव्हा साय नेटाने काढली, तर तळे दुसऱ्या, स्वच्छ अवस्थेत जाऊन तिथे टिकू शकते. म्हणजे उपसण्याला अर्थ आहे, पण येणारी घाण कमी झाल्यावर. क्रम उलटा केला तर वरचा दोन आठवड्यांचा हिशेब लागू होतो.

आणखी एक गोष्ट उपसणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. काढलेला ढीग काठावरच सोडला तर तो तिथे कुजतो आणि पहिल्या सरीबरोबर सारे सत्त्व पुन्हा तळ्यात उतरते. तणनाशक मारले तर कुजणे पाण्यातच होते.

‘असू द्या’

हे मत आळशीपणाचे नाही. साय पाण्यातून नत्र आणि स्फुरद उचलते. ती सरसकट काढली आणि ही द्रव्ये तशीच राहिली, तर मोकळ्या उन्हात नील-हरित शेवाळ फोफावते. त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि गुरांना, माशांना घातक ठरतात. टिकली हाताने काढता येते. पाण्यात विरघळल्यासारखे पसरलेले ते शेवाळ काढता येत नाही. शिवाय जलपर्णी आपल्या उभ्या पानांतून पाणी उडवते, तर डकवीड पाण्याला चिकटून पसरते आणि बाष्पीभवन काहीसे रोखते असे अनेक मोजमापांत आढळले आहे. घट किती, हे ऊन-वाऱ्यागणिक बदलते. चैत्रापर्यंत पाणी टिकवायचे असलेल्या बावखलाच्या मालकाला हे पटणारे आहे.

पातळ, तुटक साय आणि जाड, अखंड साय यांतला भेद मात्र या बाजूने नीट केलेला नाही. पहिलीत मासे, बेडूक, पाणकोंबड्या नांदतात. दुसरीत खालचे पाणी गुदमरते. किती भाग झाकला तर चालेल याचा सर्वांना मान्य आकडा नाही, आणि तळ्याच्या खोलीवर, माशांवर, वाऱ्यावर तो अवलंबून राहणार.

‘कामाला लावा’

सर्वांत जास्त आशा आणि सर्वांत जास्त अतिशयोक्ती इथे आहे. बांगलादेशात टांगाइल जिल्ह्यातल्या मिर्झापूर येथे कुमुदिनी रुग्णालयाच्या आवारात १९९० च्या सुमारास प्रिझम या संस्थेने सांडपाण्यावर डकवीड वाढवले. ते रोज काढून शेजारच्या तळ्यातल्या कार्प माशांना घातले आणि मासे विकले. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या अनुभवावर पुस्तिका काढली आणि जगभर उत्साह पसरला. आपल्याकडे सुलभ इंटरनॅशनलनेही याच धर्तीवर प्रयोग केले. पाणी बरेच स्वच्छ झाले, मासेही झाले. अडचण आली ती सातत्याची. रोज कापणी हवी, माणसे हवीत, जागा हवी.

जागेचा हिशेब स्वतः मांडून पाहिला. चांगली निगा राखली तर हेक्टरी वर्षाला २० टन कोरडे डकवीड धरू. त्यात ३० टक्के प्रथिने, म्हणजे जवळपास ५ टक्के नत्र. म्हणजे हेक्टरमागे वर्षाला सुमारे एक टन नत्र बाहेर निघाले. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण ४ किलो नत्र जातो. एक हेक्टर साय अडीचशे माणसांचा नत्र शोषते. बारा लाख माणसांसाठी जवळजवळ पाच हजार हेक्टर तळी लागतील. प्रत्यक्षात जागा याहून बरीच कमी पुरते, कारण नत्राचा मोठा वाटा टिकल्यांच्या मुळांना आणि काठाच्या गाळाला चिकटलेले जिवाणू हवेत उडवून लावतात. श्रेय टिकलीचे किती आणि जिवाणूंचे किती, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. पण अंदाज स्पष्ट आहे: एखाद्या पाड्याचे, शाळेचे, लहान गृहसंकुलाचे पाणी या मार्गाने हाताळता येईल. बोळींजसारख्या केंद्रांची जागा टिकली घेणार नाही.

आणि ओझेही पाहावे. ताज्या डकवीडमध्ये ९२ ते ९५ टक्के पाणी असते. एक टन कोरडा माल म्हणजे तळ्यातून उचललेला साडेबारा ते वीस टन ओला माल, तोही नासायच्या आत वाळवायचा. कोकणातल्या आषाढ-श्रावणात वाळवायचे कसे, याचे उत्तर पुस्तिकांत मिळत नाही.

चारा, आणि ताटातली भाजी

थायलंड आणि लाओसमध्ये वुल्फिया ही भाजी आहे. तिथे तिला पाण्याची अंडी अशा अर्थाचे नाव आहे. १९७१ मध्येच ‘नेचर’मध्ये ती स्वस्त प्रथिनांचा स्रोत म्हणून मांडली गेली. युरोपीय संघाने २०२१ मध्ये ताज्या वुल्फियाला पारंपरिक खाद्य म्हणून परवानगी दिली. प्रथिनांचे प्रमाण पाण्यातल्या सत्त्वानुसार २० ते ४० टक्क्यांपर्यंत बदलते. भारतात १९५९ मध्ये आणलेला गवत्या मासा तर डकवीडवर तुटून पडतो. कोंबड्या-बदकांनाही ते इतर खाद्यात मिसळून देता येते.

अडते ते एका गुणापाशी. टिकली पाण्यातले नत्र-स्फुरद उचलते तसेच कॅडमियम, शिसे, क्रोमियमही उचलते. हा गुण इतका पक्का आहे की पाण्यातली विषारी द्रव्ये तपासण्याची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी २००६ पासून वापरात आहे, तिच्यात लेम्नाच वाढवतात. म्हणून पाणी स्वच्छ करणारे डकवीड आणि खायचे डकवीड ही दोन कामे एकाच तळ्यावर टाकताना फार जपायला हवे. मिर्झापूरला ती एकत्र जमली कारण तिथे घरगुती सांडपाणी होते. वाडीतल्या बावखलावरची साय कोंबड्यांना घालायला मला हरकत दिसत नाही. कारखान्यांच्या नाल्यावरची साय तपासणीवाचून जनावराच्या तोंडी जाऊ नये. शहरातल्या तलावांचे काय, हे प्रत्येक तलावाचे पाणी आणि गाळ तपासूनच ठरेल.

डासांचे

थोडक्यात सांगायचे तर दाट साय असली की अनेक जातींच्या डासांना अंडी घालायला मोकळे पाणी मिळत नाही, असे बऱ्याच निरीक्षणांत दिसते. विरळ सायीत मात्र अळ्यांना आडोसा मिळू शकतो. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून श्वास घेतात, पण त्यांची खास पसंती गोंडाळ आणि जलपर्णी. केरळात चेर्थळा भागात हत्तीरोगाशी लढताना गोंडाळ काढण्याची मोहीम झाली ती यासाठी. डकवीडवर हा आरोप तितकासा टिकत नाही.

जे सुटलेले नाही

पहिले, तळचा गाळ. वर्षानुवर्षे साठलेला स्फुरद बाहेरची घाण थांबली तरी गाळातून पाण्यात झिरपत राहतो, विशेषतः प्राणवायू संपलेल्या तळातून. तलावाचे काठ बांधून, जाळ्या लावून, कारंजी बसवूनही साय का परतते, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. वाडीवाले उन्हाळ्यात गाळ काढत तेव्हा हाच स्फुरद केळीच्या आळ्यात जाई. शहरातल्या तलावाचा गाळ काढता येईल, पण तो टाकायचा कुठे? धातू असतील तर वाडीत घालता येणार नाही.

दुसरे, कायद्याचे. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे २०१७ चे नियम सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी आपल्या व्याख्येतून वगळतात. बावखल माणसाने खणलेले, वाडी भिजवण्यासाठी वापरलेले, आणि अनेकदा खासगी जमिनीतले. मग ते पाणथळ की नाही? संरक्षणाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की भूजल भरण्याचे त्याचे काम सिंचनापेक्षा मोठे आहे. जमीनमालकाची अडचणही खोटी नाही: वाडी परवडत नाही, आणि बुजवलेल्या जागेला भाव आहे. हिरवी साय धरलेले, वास मारणारे बावखल बुजवायला शेजारीही हरकत घेत नाहीत, हे मी पाहिले आहे.

तिसरे, येऊ घातलेली तळी. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात राहिली, त्यानंतर निरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांच्या समितीने पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या धारण तलावांची शिफारस केली. असे उथळ, संथ, गटाराच्या पाण्याला जवळ असलेले तलाव म्हणजे टिकलीला आयते घर. ते आखतानाच कापणीसाठी काठ, साय गोळा करणारे तरंगते बांध आणि काढलेला माल वाळवायची छपराखालची जागा ठेवायची की नाही, हे आत्ताच ठरवता येईल. तलाव झाल्यावर त्याच्या चारी बाजूंनी भिंत उभी राहते, आणि मग ओल्या टिकल्यांची टोपली घेऊन वर चढायला पायरीही सापडत नाही.